जागा कोणाच्या गरजेची?



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या दवाखान्याची पाटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नावाखाली एम.एस., त्याखाली एफ.आर.सी.एस. आणि शेवटी एडिनबरो. त्या पिढीतले डॉक्टर विलायतेला जात, काही वर्षे तिथल्या रुग्णालयांत खपत, परीक्षा देत आणि परत येऊन आपल्याच जिल्ह्यात दवाखाना थाटत. आज जाणारे पुष्कळ आहेत. परत येऊन गावात पाटी लावणारे मात्र थोडे. हे बरे की वाईट, याचा निवाडा करायला मी उभा नाही. विषय ठरवताना व्याख्यानमालेचे कार्यवाह मला म्हणाले, "एमबीबीएस झालेल्या मुलांचे आईवडील आम्हाला एकच गोष्ट विचारतात: पीजीसाठी बाहेर पाठवावे का? त्यावर बोला." मी अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी करून परत आलो आणि सध्या इथल्या निवासी डॉक्टरांना शिकवतो. दोन्हीकडचे वॉर्ड पाहिले आहेत, एवढीच माझी पात्रता.

मला म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या पदव्युत्तर जागेला आपण 'ॲडमिशन' म्हणतो. प्रत्यक्षात ती नोकरी असते. तिथल्या एखाद्या रुग्णालयाला रात्रपाळीला डॉक्टर हवा असतो, म्हणून ती जागा असते. तिथला माणूस मिळाला की ती भरते. नाही मिळाला की आपल्यापर्यंत येते. आपला मुलगा हुशार आहे म्हणून ते दार उघडत नाही. दार उघडे असताना हुशार मुलगा आत जातो, इतकेच. हे ज्याला आधी कळले तो डोळे उघडे ठेवून जातो. ज्याला कळत नाही त्याची पदरमोड होते आणि मनही मोडते.

याचा इतिहास जुना आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली होती, पण ती व्हायची लंडनला. वरची पदे हवी असतील तर समुद्र ओलांडणे भाग होते. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यताच काढून घेतली. आपल्याकडचे प्रसूतिशास्त्राचे प्रशिक्षण अपुरे आहे, ही त्यांची मुख्य तक्रार. त्या धक्क्यातून १९३३ चा कायदा आला आणि आपली मेडिकल कौन्सिल जन्माला आली. म्हणजे आपली पदवी चांगली की वाईट, हे त्या काळी लंडनमध्ये ठरत होते.

पुढे वारे फिरले. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, उपचार सर्वांना मोफत झाले आणि रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले. ज्या पदव्यांवर कालपर्यंत शंका होती, त्याच घेऊन आलेल्या भारत-पाकिस्तानच्या तरुणांना कामावर घेतले गेले. पण कोणत्या कामावर? हृदयशस्त्रक्रियेच्या लंडनमधल्या मानाच्या जागा स्थानिकांकडे राहिल्या. आपल्या लोकांच्या वाट्याला वृद्धांचे वॉर्ड आले, मनोरुग्णालये आली, वेल्सच्या कोळसा-खोऱ्यातले दवाखाने आले. अनेकजण सर्जन व्हायला गेले आणि वृद्धरोगतज्ज्ञ झाले. त्यांनी ते काम इतके चांगले केले की ब्रिटनमध्ये वृद्धांच्या वैद्यकाची शाखा उभी राहण्यात दक्षिण आशियाई डॉक्टरांचा मोठा हात आहे, हे आता तिथले इतिहासकारही मान्य करतात. इनॉक पॉवेल १९६० ते १९६३ या काळात तिथले आरोग्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत परदेशी डॉक्टरांच्या भरवशावर रुग्णालये चालत होती आणि त्याच गृहस्थांनी १९६८ साली स्थलांतरितांच्या विरोधात एक कुप्रसिद्ध भाषण ठोकले. गरज आणि आपुलकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

१९७५ मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा आली. तीच पुढे 'प्लॅब' म्हणून ओळखली जाऊ लागली. या शतकाच्या सुरुवातीला पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅम भागात ही परीक्षा दिलेल्या भारतीय मुलांची वस्तीच झाली होती. एका खोलीत चौघे-पाचजण, भिंतीला लावलेली अर्ज केलेल्या रुग्णालयांची यादी, आणि सकाळी उठून ईमेल उघडणे हाच दिनक्रम. अशात मार्च २००६ मध्ये सरकारने जाहीर केले की परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाची जागा मिळणार नाही. मधली काही वर्षे सरकारने रुग्णालये वाढवली होती, डॉक्टर हवे होते. आता त्यांच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयांतून मुले बाहेर पडू लागली होती. कर्ज काढून गेलेली आपली मुले रातोरात अधांतरी लटकली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने आरोग्य खात्याची त्यासंबंधीची एक सूचना बेकायदा ठरवली. पण तोपर्यंत कित्येकांनी सामान गुंडाळले होते. पुढे पुन्हा टंचाई आली, पुन्हा दार उघडले, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत तिथल्याच पदवीधरांना प्रशिक्षणात प्राधान्य देण्याचे ठरले. हे चक्र ज्याने ओळखले त्याला याचे नवल वाटणार नाही.

आता अमेरिकेकडे वळू. आज पालकांच्या मनात मुख्यतः तीच असते.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने अमेरिकेचे दार आशियाला उघडले. त्याच वर्षी तिथे वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली आणि रुग्णालयांतली गर्दी वाढली. आजही तिथल्या निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअरच उचलते. १९९७ च्या एका कायद्याने मेडिकेअरच्या पैशातून चालणाऱ्या या जागांवर मर्यादा आली. तरीही अनेक वर्षे तिथल्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडणारी मुले कमी आणि रेसिडेन्सीच्या जागा जास्त, अशी स्थिती राहिली. मधल्या फटीतून आपण आत गेलो. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी सुमारे एक चतुर्थांश परदेशात शिकलेले आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. पण कोणत्या विषयात? इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पेडियाट्रिक्स. त्वचारोग, अस्थिरोग, प्लॅस्टिक सर्जरी या विषयांत परदेशी पदवीधर दिवा घेऊन शोधावा लागतो. इथे ऑर्थोपेडिक्सची सीट हुकली म्हणून अमेरिकेत ऑर्थोपेडिक्स करायला निघालेल्या मुलाला हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

जागा मिळते कशी, तेही पाहू. आधी ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. १९५६ पासून ही संस्था परदेशी पदवीधरांची तपासणी करते. त्यासाठी स्टेप वन आणि स्टेप टू या परीक्षा द्यायच्या, त्याही एका दिवसात आठ-नऊ तास संगणकासमोर बसून. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचे गुण देणे बंद झाले. आता नुसते पास किंवा नापास. ताण कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण लातूरच्या किंवा अकोल्याच्या सरकारी कॉलेजातली मुलगी पूर्वी एका मोठ्या आकड्याच्या बळावर कुठल्याही अमेरिकन मुलाच्या शेजारी उभी राहत असे. तो आकडा गेला. आता स्टेप टूच्या गुणांवर भार आला, आणि त्याबरोबर शोधनिबंध किती, अमेरिकन रुग्णालयात काम पाहिले का, शिफारसपत्र कोणाचे, या गोष्टींना वजन आले. अमेरिकेत महिनाभर 'ऑब्झर्व्हरशिप' करायची तर विमान, खोली आणि पुष्कळदा त्या जागेचीही फी भरावी लागते. म्हणजे पैसा आणि ओळख. परीक्षा सोपी झाली आणि वाट महाग झाली.

मग मुलाखती, आणि शेवटी 'मॅच'. ही पद्धत १९५२ पासून चालू आहे. उमेदवार रुग्णालयांची पसंतीक्रमाने यादी देतो, रुग्णालये उमेदवारांची यादी देतात आणि संगणक दोन्ही जुळवतो. अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात तिचा सुधारित आराखडा केला. उमेदवाराच्या पसंतीपासून सुरुवात करायची, म्हणजे त्याला खोटा क्रम लिहून फायदा होत नाही. २०१२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे अशाच जुळणीच्या अभ्यासाचा भाग होता. मार्चमधल्या एका सोमवारी फक्त एवढेच कळते की जुळले की नाही. कुठे, ते शुक्रवारी. सोमवारचा निकाल लागतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. घरात देवापुढे दिवा लागलेला, मुलगा लॅपटॉपसमोर, वडील उगाचच गॅलरीत. २०२४ मध्ये अमेरिकन एमडी कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्के जुळले. परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्के. या दुसऱ्या आकड्यात परीक्षा पास झालेले, यादीपर्यंत पोहोचलेलेच लोक आहेत. वाटेत थांबलेल्यांची त्यात गणती नाही. कोचिंगवाल्यांच्या फलकांवर जुळलेल्यांचे फोटो असतात. बाकीच्यांचे कोण लावणार?

जुळल्यावर व्हिसा. बहुतेकांना जे-वन मिळतो. त्याची अट अशी की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतायचे. हा व्हिसा मिळवण्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचे एक पत्र लागते: या विषयाच्या तज्ज्ञाची भारताला गरज आहे आणि या डॉक्टरने परत येण्याचे लेखी आश्वासन दिले आहे. अर्जदार ते घेतो, जातो, शिकतो. शिकून झाल्यावर तीच अट माफ करून घेण्यासाठी वकील गाठतो. सिनेटर कॉनरॅड यांच्या नावाने १९९४ पासून चालणाऱ्या योजनेत प्रत्येक राज्य दरवर्षी ३० डॉक्टरांसाठी ही माफी मागू शकते. बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम करायचे. थोडक्यात, गडचिरोलीला डॉक्टर मिळत नाही आणि नॉर्थ डकोटाच्या खेड्याला आपला डॉक्टर मिळतो. त्यांनी स्वतःच्या खेड्यांसाठी सोय केली, यात त्यांचे काय चुकले? त्यांना गरज कळली आणि त्यांनी ती कायद्यात लिहिली. आपण पत्र लिहून मोकळे झालो.

आणि त्यांची गरज बदलली, की आपली फरफट ठरलेलीच. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबवले गेले. रेसिडेन्सी सुरू होते १ जुलैला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावण्याचा आदेश निघाला. यातले काहीही आपल्या मुलांच्या गुणवत्तेशी संबंधित नव्हते.

इतके सांगून मी तुम्हाला घाबरवतो आहे असे वाटेल. तसे नाही. तिथे शिकायला मिळते, आणि मनापासून सांगतो, भरपूर मिळते. फक्त ते काय, याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. लोकांना वाटते यंत्रे. यंत्रे आता पुण्या-मुंबईत सगळी आहेत, काही तर तिथल्यापेक्षा नवी. रुग्ण म्हणाल, तर आपल्या सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर एका आठवड्यात जेवढे धनुर्वाताचे आणि क्षयाचे रुग्ण पाहतो, तेवढे तिथला आयुष्यभरात पाहत नाही. तिथे शिकायचे असते ते कामाची घडी.

एक उदाहरण देतो. संध्याकाळी पाळी बदलते. जाणारा डॉक्टर येणाऱ्यासमोर बसतो. दोघांच्या हातात एकच यादी. प्रत्येक रुग्णापुढे शेवटचा रकाना 'जर-तर'चा. चौदा नंबर: ताप आला तर रक्ताचे कल्चर पाठव, प्रतिजैविक बदलू नको. सोळा नंबर: दम वाढला तर आधी छातीचा एक्स-रे, आणि मुलीला फोन कर, तिने सांगितले आहे. येणारा ते मोठ्याने परत म्हणून दाखवतो. हे दिसायला क्षुल्लक आहे. पण वॉर्डात माणसे मरतात ती पुष्कळदा अज्ञानाने नाही, निरोप न पोहोचल्याने. दुसरी गोष्ट, मृत्यू आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांची सभा. ठरलेल्या दिवशी विभागातले सगळे जमतात, प्राध्यापकांपासून पहिल्या वर्षाच्या मुलापर्यंत. एक प्रकरण मांडले जाते. कोणी चुकवले, हे विचारायला मनाई असते. रात्री दोनला आलेला रिपोर्ट सकाळी आठपर्यंत कोणी पाहिला नाही, तर तो रिपोर्ट जातो कुठे, पडद्यावर दिसतो का, फोन कोणी करायचा, हे विचारले जाते. आणि तिसरी, रात्री वरिष्ठाला फोन करणे. तिथे फोन केला नाही तर बोलणी बसतात. आपल्याकडे पुष्कळदा फोन केला की बसतात.

कामाच्या तासांचेही तसेच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी दमलेल्या, एकट्या सोडलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला. त्यातून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. ८० तास म्हणजे काही सुख नव्हे आणि कागदावरचे तास दर वेळी खरे असतात असेही नाही. पण नियम आहे आणि तो मोडला तर संस्थेची मान्यता अडचणीत येते. आपल्याकडे केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांहून अधिक ड्यूटी देऊ नये असे लिहिले आहे. लिहिले आहे! निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेच्या कुठल्याही सभासदाला विचारा, शेवटचे सलग किती तास जागा होतास म्हणून. सलाईन लावणे, रक्ताची पिशवी आणायला धावणे, ट्रॉली ढकलणे, रिपोर्ट शोधत लॅबचे जिने चढणे, यातच पहिले वर्ष सरते. अनेक मुले बाहेर जातात ती डॉलरसाठी, असे आपण सहज म्हणून टाकतो. माझ्या ओळखीतली कित्येक गेली ती झोपेसाठी आणि कोणीतरी नीट शिकवावे म्हणून.

मग जाऊन येण्याने देशाला काय मिळाले? तीन उदाहरणे पाहू.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. झाले आणि परतले. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. गर्भाशयाचे मुख सैल पडते, हे त्यांनी ओळखले आणि रुग्णेच्याच मांडीतल्या पातळ, चिवट आवरणाची पट्टी काढून त्या मुखाभोवती बांधली. १९५५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. 'शिरोडकर टाका' आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. हात इंग्लंडमध्येही घडला, प्रश्न मुंबईच्या वॉर्डातला होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरहून एम.डी. झाले आणि १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथे ते मोजायला शिकले. काय मोजायचे, ते गडचिरोलीने सांगितले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतल्यावर तिसऱ्या वर्षापर्यंत त्या बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली.

तिसरे उदाहरण डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे. ते शिकायला परदेशी गेले नाहीत. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय बंद पडून मरत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी रात्री काढल्या, लक्षणे टिपली, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीने मृत्यू रोखता येतात हे दाखवले.

या सगळ्यांकडे स्वतःचा प्रश्न होता. शिरोडकरांनी आणि बंग दांपत्याने त्या प्रश्नासाठी परदेशी शिक्षण वापरून घेतले. बावस्करांना त्याची गरज पडली नाही. प्रश्नच नसेल, तर तिथली नोकरी तुम्हाला वापरून घेते. त्यातही गैर काही नाही. नोकरी म्हणून ती उत्तम आहे. फक्त तिला उच्च शिक्षण म्हणून मिरवू नये, आणि कर्ज काढणाऱ्या बापापासून हा फरक लपवू नये.

परत येणाऱ्यांचे काय? २००८ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर पात्रतेला आपल्याकडे मान्यता आहे. कागदाची अडचण फार उरलेली नाही. अडचण होते ती वॉर्डात. 'जर-तर'ची यादी काढा म्हटले की, "सर, ते तुमच्या अमेरिकेत" असे उत्तर येते. या यादीला कागद लागतो आणि पेन. मृत्यूच्या सभेला एक खोली आणि दर आठवड्याचा एक तास लागतो. रात्रीच्या फोनला काहीच लागत नाही. व्याख्यानाला आलेल्या अधिष्ठाता मंडळींना माझी विनंती आहे की नव्या इमारतीची मागणी जरूर करा, पण ही तीन कामे अर्थसंकल्पाची वाट न पाहता या महिन्यात सुरू करता येतात. आपल्या वॉर्डात नीट शिकवले जाऊ लागले, तर जाणारे थोडे कमी होतील आणि येणाऱ्यांना टिकाव धरता येईल.

आता पालकांचा मूळ प्रश्न: पाठवावे का? मुलाला तीन गोष्टी विचारा. तुला हवा तो विषय तिथे परदेशी माणसाला मिळतो का? नाही जुळले तर दुसऱ्या वर्षीचा खर्च कोण करणार, आणि मधल्या काळात तू काय करशील? आणि तिथे जाऊन तुला कोणते काम शिकायचे आहे, जे इथे शिकता येत नाही? पहिल्या दोन्हींची उत्तरे आकड्यांत असावीत. "बघू, होईल" हे उत्तर धरू नका. तिसऱ्याचे उत्तर त्याला एका वाक्यात देता आले, तर खुशाल पाठवा, तो परत येवो अथवा न येवो. देता आले नाही, तर त्याला वर्षभर एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काम करू द्या. विचारण्याजोगे प्रश्न तिथे रोज ओपीडीच्या रांगेत उभे असतात, आणि त्यांतला एखादा हाती लागला की कुठे शिकायला जायचे, ते त्याचे तोच ठरवील.